सिस्टरांची गॅलरी

रस्त्यावर आडवा टांगलेला फ्लेक्स दिसला की माझं तोंड आपोआप डावीकडे वळतं आणि ओठांतून कोरडं 'थू' निघतं. थुंकी नसते, नुसता आवाज. ही सवय माझी नाही, सिस्टरांची. पवनीत मी त्यांच्या घरी खालच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो आणि सोडून येताना एवढं 'थू' घेऊन आलो. आता तिरोड्यात बायको म्हणते, लोकांसमोर तरी करत जाऊ नका. पण चौकात मान वर करावी तर आभाळ दिसत नाही, कोणाची तरी बत्तिशी दिसते. मग माणसाने करावं काय?

जिल्हा फुटला तेव्हा आम्हा मास्तरांचीही वाटणी झाली. घर गोंदियाकडे गेलं आणि नोकरी भंडाऱ्याकडे राहिली. पवनीला बदली झाली तेव्हा कोणीतरी म्हणालं, रामटेके सिस्टरकडे खोल्या रिकाम्या आहेत, पण बाई कडक आहे. बाई कडक होत्याच. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊनही पांढरी साडी सुटली नव्हती. कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एक कात्री लटकलेली असायची. बँडेज कापायची, एका पात्याचं टोक बोथट असलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी नखं पाहिली आणि मग खोली दाखवली.

घर मोक्याच्या जागी होतं. बसस्टँडकडून बाजारात येणारा रस्ता नेमका त्यांच्या दारापाशी अरुंद होतो. एका बाजूला सिस्टरांची वरची गॅलरी, समोर कापडवाल्या सेठजींच्या माडीचा कठडा. गावात जे काही व्हायचं असेल त्याचा बॅनर या दोघांच्या मधे बांधायचा, हा रिवाज. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे जत्रा असो, मंडईतलं नाटक असो, बैलांचा शंकरपट, भागवत सप्ताह, शारदा उत्सव, बुद्ध पौर्णिमेची मिरवणूक, कबड्डीचे सामने, सगळं त्या एका दोरावरून जायचं. त्या दोरावर जे लागलं नाही ते पवनीत झालंच नाही असं समजत.

सिस्टरांचा नियम साधा होता. ज्याला बॅनर बांधायचा त्याने चपला खाली काढून वर यायचं आणि विचारायचं. त्या चहा देत. मग गॅलरीच्या गजाला दोर बांधून घेत आणि म्हणत, "कार्यक्रम झाला का दुसऱ्या दिवशी काढजा. नाई त मी काढीन." काढायची पद्धतही ठरलेली. समोरून सेठजी आपल्या टोकाचा दोर सैल सोडत आणि सिस्टर बॅनर गॅलरीत ओढून घेत. दोघांत बोलणं होत नसे. सेठजी शाकाहारी, सिस्टर सुकी मासळी भाजणाऱ्या. पण दोराच्या बाबतीत दोघांचं इतकं जमत असे की नवराबायकोंनी शिकावं.

तेव्हा बॅनर कापडाचे होते. पांढऱ्या कापडाचा एक लांब पट्टा, दोन्ही टोकांना बांबूच्या कामट्या, निळ्या-तांबड्या रंगातली अक्षरं. कोणाचं तोंड नाही. नाटकाचं नाव, ठिकाण, वेळ, संपलं. अक्षरं वाळली की पेंटर ब्लेडने मधेमधे अर्धचंद्रासारखे काप देई. हवा त्यातून निघून जायची. काप नसले तर पहिल्याच वाऱ्या-वावधनात कापड टरकन फाटे. वाऱ्याला वाट ठेवायची, एवढी अक्कल तेव्हा प्रत्येक कार्यक्रमवाल्याला होती.

नोकरीत असताना उतरवलेलं कापड सिस्टर ठेवून घेत. सोड्यात उकळत, चौकोन पाडत आणि दवाखान्यात नेत. सरकारी पुरवठ्यात बाळाला गुंडाळायला कापड कधी नसे. त्यामुळे पवनी आणि आजूबाजूच्या खेड्यांतली कितीतरी पोरं जन्माला आल्या आल्या मंडईच्या बॅनरात गुंडाळली गेली. एखाद्याच्या पोटावर 'भव्य' हा शब्द पुसट दिसायचा. हे त्या हसून सांगत नसत, साध्या माहितीसारखं सांगत.

या पोरांतच पुढे बंटीभाऊ निघाला. पण त्याच्याआधी कंडक्टरांचं सांगायला हवं.

कंडक्टर म्हणजे सिस्टरांचे मालक. एसटीत कंडक्टर होते, म्हणून गावाने तेच नाव ठेवलं आणि सिस्टरही 'आमचे कंडक्टर' असंच म्हणत. जाडजूड, हसरा माणूस. मी राहायला गेल्यावर काही वर्षांत त्यांना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नागपूरहून परत आणल्यावर सिस्टरांनी त्यांची खाट वरच्या खोलीत गॅलरीच्या दाराशी लावली. मान एकाच बाजूला वळे, डावीकडे. डावीकडे रस्ता, आणि रस्त्याच्या शेवटी स्टँड. गाडी फाटकातून आत शिरते आणि बाहेर पडते तेवढं खाटेवरून स्वच्छ दिसे.

एके दिवशी सकाळी सिस्टर जिना धडधड उतरून माझ्या दाराशी आल्या. त्या कधी धावत नसत. म्हणाल्या, "गुरुजी, बोलले. वर चाला." मी वर गेलो. आम्ही दोघं उभे राहिलो. बराच वेळ काही नाही. मग स्टँडच्या फाटकात भंडारा गाडी वळली आणि कंडक्टरांच्या वाकड्या ओठातून शब्द निघाला, "आली." थोड्या वेळाने तीच गाडी सुटली. "गेली."

तेवढे दोनच शब्द परत आले होते. तिसरा कधी आला नाही. पण सिस्टर दिवसभर त्या दोन शब्दांवर काम करत. भात घोटताना, कपडे वाळत घालताना कान तिकडे. 'आली' ऐकू आलं की स्वयंपाकघरातून ओरडून विचारत, "कोनती जी? नागपूर का भंडारा?" उत्तर येत नसे. त्या विचारत राहत. मला म्हणाल्या, "जीभ चालती ठेवा लागते गुरुजी. गाडी दिसते तवा जीभ हालते. एकदा का थांबली त मंग माणूस घशापासून बंद होत जाते." त्यांनी असे रोगी पुष्कळ पाहिले होते.

आणि मग फ्लेक्स आले.

पहिला कोणाचा होता आठवत नाही. पण बघता बघता कापड गेलं, पेंटर सायकलच्या दुकानात बसू लागला आणि दोरावर ते चामडं लटकू लागलं. सिस्टर त्याला चामडंच म्हणत. उन्हाळ्यात तापलं की त्याला वास सुटे, सडक्या रबरासारखा, थेट ताटापर्यंत येणारा. पावसात त्याच्या खालच्या दुमडीत पाणी साचे. एकदा सिस्टरांनी ते पाणी वाटीत घेऊन खाली रस्त्यावर मला दाखवलं, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. वाटीच्या मागे, फ्लेक्सवर, मच्छर निर्मूलनाचं आवाहन करणारे आमचे नेते हात जोडून उभे होते.

कार्यक्रमही बदलले. बॅनर कार्यक्रमासाठी असतो, आता कार्यक्रम बॅनरसाठी होऊ लागले. रक्तदान शिबिराच्या फ्लेक्सवर जितकी तोंडं तितक्या बाटल्या रक्त निघालं असतं तर जिल्ह्याची गरज भागली असती. मंडईच्या फ्लेक्सवर नाटकाचं नाव शोधावं लागे, कारण वर मार्गदर्शक, खाली शुभेच्छुक, कडेला आयोजक, सगळे गॉगल घालून. आणि मधल्या काळात नुसते वाढदिवस. बंटीभाऊचा वाढदिवस, बंटीभाऊच्या मुलाचा, बंटीभाऊच्या मोठ्या साहेबांचा. बंटीभाऊ त्या वेळी 'भावी नगराध्यक्ष' होता. भावी म्हणजे काय, तर अजून काहीच नाही. पण त्या काहीच नाहीचं तोंड माझ्या खिडकीएवढं. मला तेव्हा शिसारी यायची आणि आज लिहितानाही येते.

कापडाचा पट्टा अरुंद होता, उंच बांधलेला. त्याच्या खालून स्टँड दिसे. फ्लेक्स गॅलरीच्या कठड्याच्याही खाली लोंबे. कंडक्टरांना आता डावीकडे मान वळवली की फ्लेक्सची पाठ दिसे. पांढरी, मळकट पाठ. गाडी आली काय, गेली काय. फ्लेक्स असेल त्या दिवशी त्या खोलीतून एक शब्द निघत नसे. सिस्टर हातातलं काम टाकून उंबऱ्याशी येत, वाट पाहत, आणि परत जात.

त्यांनी आधी नीट सांगितलं. वर बांधा, अरुंद करा, दुसऱ्या दिवशी काढा. पोरं 'हो मावशी' म्हणत आणि विसरत. मग कात्री निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट पाहायची आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दोर कापायचा. यात आपला-परका नव्हता. बुद्ध पौर्णिमेचा फ्लेक्स त्यांच्याच मोहल्ल्यातल्या पोरांनी वेळेवर काढला नाही, तोही कापला. पोरं चिडून वर आली. कोपऱ्यात बुद्धाची पितळी मूर्ती होती, तिच्याकडे बोट करून सिस्टर म्हणाल्या, "यायनं सांगतलं का, मावशीच्या दारात घाण टांगून ठेवा म्हणून? घाण ते घाण. वरतं नाव कोनाचंबी लिवा." पोरं जिना उतरली. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून कापडाचा बॅनर आणला, अर्धचंद्र कापलेला. वर्षातले तेवढे दोन दिवस दोरावर पाहण्यासारखं काही असे.

बंटीभाऊचं तसं नव्हतं. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वाढदिवसाच्या आधी आठवडाभर लागायचा, कारण जनतेला तयारीला वेळ हवा. कापला तर दुसरा तयारच. एका वर्षी फ्लेक्स असा होता की नुसतं त्याचं तोंड, आमच्या गॅलरीच्या टोकाला, आणि उरलेल्या लांबीत शुभेच्छुकांची ओळीने मुंडकी. सिस्टर त्या दिवशी दोराला हात लावायला गेल्या नाहीत. त्यांनी कंडक्टरांना थोडं पलीकडे सरकवलं, त्यांच्या उशीवर आपलं डोकं टेकवलं आणि डावीकडे पाहिलं. मग उठून गॅलरीत गेल्या, कठड्यावरून हात लांब केला आणि बँडेजच्या कात्रीने एक अर्धचंद्र कापला. परत येऊन उशीवर डोकं. परत जाऊन तो थोडा मोठा केला.

खालून पाहिलं तर बंटीभाऊच्या तोंडातले समोरचे दात गेले होते. त्यातून आभाळ दिसत होतं.

तासाभरात खाली गर्दी. पोरं मोबाईल काढून उभी. समोर सेठजी माडीवर येऊन गादीवर बसल्यासारखे निवांत बसले. स्वतः बंटीभाऊ आला नाही, भावी माणसं अशा वेळी येत नाहीत. त्याचा उजवा हात म्हणवणारा एक जण खालून ओरडला, "सिस्टर, भाऊचं तोंड फाडलं तुमी. हा अपमान हाय."

"फाडलं नाई. हवेले वाट केली," सिस्टर वरून म्हणाल्या. "पयले बॅनरले रायत होती. आपल्या आईले विचार."

"मंग तोंडातच काहून?"

"तुह्या भाऊनं तोंड तिथं आणलं त्याले मी काय करू? गाडी तिथूनच दिसते."

कोणी हसलं. त्यामुळे प्रकरण वाढलं. कोणीतरी हवालदाराला घेऊन आलं. सुटलेल्या पोटाचा, दमलेला माणूस. त्याने नाइलाजाने चपला काढल्या आणि जिना चढला, त्याच्या मागे मी. भांडण होईल असं मला वाटलं होतं. सिस्टरांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "साहेब, इथं बसा. खाली. डोस्कं उशीपाशी आना. आता पाहा."

हवालदार गुडघ्यांवर बसला. कंडक्टरांच्या गालाला जवळजवळ गाल लावून तो त्या अर्धचंद्राकडे पाहू लागला. बंटीभाऊच्या तोंडातून स्टँडचं फाटक दिसत होतं, लहानसं, स्वच्छ. फाटकात एक गाडी वळली.

"आली," कंडक्टर म्हणाले.

हवालदार उठला. गुडघे झटकले. खाली जाऊन त्याने गर्दीला सांगितलं, "हवेचं भोक हाय. जा घरी." आणि निघून गेला. नोकरीत मी पुष्कळ अधिकारी पाहिले, पण इतका नेमका पंचनामा कोणी केलेला पाहिला नाही.

ही गोष्ट इथे संपली असती तर मीही ती चारचौघांत हसत सांगितली असती. पण पवनी काही हरायला बसलेली नव्हती. पंधरा दिवसांत गॅलरीच्या पलीकडे, स्टँडच्या बाजूला, कात्री पोचणार नाही इतक्या अंतरावर एक लोखंडी खांब उभा राहिला. कोणी रोवला, कोणाच्या परवानगीने, कोणालाच माहीत नव्हतं. समोरच्या बाजूला तसाच दुसरा. आता वर येऊन विचारायची गरज नव्हती, चहा नको, सेठजी नको, सिस्टर तर नकोतच. फ्लेक्स त्या खांबांना बारा महिने राहू लागला. एकावर एक चढत गेले. जुना काढायचे कष्ट कोण घेणार? खाली पंचायत समितीचा, त्यावर सप्ताहाचा, त्यावर बंटीभाऊ. वाऱ्याने वरचा फाटला की खालचं तोंड डोकावे.

सिस्टर नगरपरिषदेत गेल्या. तिथे बसलेल्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की खांब आमच्या नोंदीत नाही. जो नाही तो काढणार कसा? सिस्टरांनी मान डावीकडे वळवली, 'थू' केलं आणि आल्या. त्यांनी खाट हलवून पाहिली, पायांखाली विटा लावून उंच करून पाहिली, आरसा टांगून पाहिला. आरशात कंडक्टरांना आपलंच तोंड दिसलं आणि ते रडले. आरसा काढला. मग सिस्टर स्वतःच गॅलरीत उभ्या राहून सांगू लागल्या, "नागपूर आली जी. आता भंडारा सुटून राहिली." कंडक्टर त्यांच्याकडे पाहत. ओठ हलत नसत. जे डोळ्यांना दिसलं नाही त्याला ते 'आली' म्हणेनात. शेवटी कंडक्टर होते, पाहिल्याशिवाय तिकीट फाडणारे नव्हते.

तो हिवाळा असाच गेला. माघात एका पहाटे ते गेले. शेवटचा शब्द कधी बोलले होते हे सिस्टरांना नक्की ठाऊक होतं, पण त्यांनी मला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी बंटीभाऊ स्वतः आला. पांढरे कपडे, चपला खाली काढलेल्या, मागे चार पोरं, त्यांतला एक फोटो काढणारा. हात जोडून म्हणाला, "मावशी, कंडक्टर काका आपल्या गावचे जुने. श्रद्धांजलीचा बॅनर लावाचा हाय. या टायमाले तुमच्याच गॅलरीले बांधू, पयल्यासारखा. फोटो द्या." मला वाटलं आता कात्री निघते. सिस्टरांनी भिंतीवरचा फोटो काढून दिला. खाकी कपडे, खांद्यावर तिकिटांच्या पेटीचा पट्टा, तरुण चेहरा.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स आला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' मधोमध, आणि त्याच्या खाली मधोमध बंटीभाऊ, हात जोडून, दुःखी. दोन्हीकडे शोकाकुल मंडळींची मुंडकी, तीच वाढदिवसाची, गॉगलसुद्धा तेच. कंडक्टर एका टोकाला, आमच्या गॅलरीच्या बाजूला, गोल चौकटीत. नव्याने गावात आलेल्या माणसाला वाटलं असतं की बंटीभाऊच मेला. दोर बांधताना सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तोंड कोणीकडं?"

"स्टँडकडं, मावशी. नेहमीसारखं."

"बांधा," त्या म्हणाल्या.

नियमाप्रमाणे एक दिवस गेला. काढायला कोणी आलं नाही. त्यानंतरच्या सकाळी सिस्टरांनी गॅलरीतून सेठजींकडे पाहिलं. सेठजी गिऱ्हाईक सोडून वर आले आणि त्यांनी आपल्या टोकाचा दोर सैल सोडला. सिस्टरांनी सगळा फ्लेक्स आत ओढला, फरशीवर पसरला आणि मांडी घालून कापायला बसल्या. घाई नव्हती. आधी शोकाकुल, मग बंटीभाऊ, मग ती भावपूर्ण अक्षरं. कापलेलं सगळं घंटागाडीत गेलं. त्यांनी साबणाने दोनदा हात धुतले. दोर परत बाहेर सोडला, सेठजींनी ओढून ताणला. आता रस्त्यावर आडवा लांब दोर होता आणि त्याच्या एका टोकाला, गॅलरीलगत, एकटे कंडक्टर. खाकी कपड्यांत, स्टँडकडे तोंड करून.

आणि मधला तो खांबांवरचा ढीग? तो त्याच दुपारी उतरला. बंटीभाऊच्या पोरांनीच उतरवला, कारण बंटीभाऊच्या फ्लेक्सवरून बंटीभाऊच गेलेला पाहून लोक मान वर करून हसू लागले होते आणि निवडणूक जवळ आली होती. लाज म्हणून नाही. खांब गेले तसेच गुपचूप, जसे आले होते. कंडक्टर असते तर स्टँड पुन्हा स्वच्छ दिसलं असतं. हे त्या गावाला दोन महिने आधी सुचलं नाही, आणि या गोष्टीसाठी मी पवनीला माफ केलेलं नाही.

त्यानंतर गॅलरीला कोणी बॅनर बांधायला आलं नाही. ज्या बाईने कोणाचा फ्लेक्स दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवला नाही, तिने हा ठेवला. उन्हाळा गेला, पाऊस गेला. चेहरा फिका पडत गेला. मी निवृत्त झालो तेव्हा तो तिथेच होता.

निघायच्या दिवशी सामान स्टँडवर पाठवून मी किल्ली द्यायला वर गेलो. सिस्टर कंडक्टरांच्या खाटेवर बसल्या होत्या, त्यांच्याच जागी, उशीला टेकून. मी स्टुलावर बसलो आणि सवयीने डावीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता, पण त्या जागेवरून स्टँडचं फाटक नेमकं फ्लेक्सच्या तुकड्यामागे जात होतं. दिसत होती ती त्याची पाठ, पांढरी, पावसाने मळकटलेली.

मी म्हणालो, "सिस्टर, इथून तर पाठच दिसते. थोडं वर बांधून देऊ का?"

"मले कायले पाहाचं हाय गुरुजी," त्या म्हणाल्या. "पाहाचं त्यायले होतं."

मग आम्ही चहा घेतला. तिकडे कुठेतरी हॉर्न वाजला, वळणावर वाजवतात तसा, लांब. सिस्टरांनी कप खाली ठेवला. त्या पांढऱ्या तुकड्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "आली. भंडारा हाय. निघा आता."